तेरा संमतीपत्रं

आडबंदरात कोणालाही विचारा, कावेरी कोण, तर सांगतील, "गावपळण मोडलेली ती." तिने चौदा वर्षं गावचं पोस्ट चालवलं, निम्म्या गावाची पत्रं लिहून दिली, मुलींचा फुटबॉल संघ उभा केला, यातलं काही म्हणजे काही कोणाच्या तोंडी येत नाही. मी शुभदा, त्या संघात डाव्या बाजूने खेळायचे. गावचे मानकरी भाई हे माझे वडील. कावेरीबद्दल ते एक वाक्य कानावर आलं की माझं डोकं फिरतं, आणि तरीही आजवर मी कोणाला उलटून बोलले नाही. का बोलले नाही तेच लिहायला बसले आहे.

गावपळण बाहेरच्या माणसाला समजावून सांगावी लागते. दर तीन-चार वर्षांनी, मार्गशीर्षात, देवाला कौल लावतात आणि देव सांगतो की गाव रिकामा करा. मग झाडून सगळा गाव शिवेबाहेर जातो. माणसं, म्हातारे, तान्ही मुलं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळे. हिंदू जातात तसे मुसलमानही जातात. शिवेपलीकडच्या माळावर झावळ्यांच्या झोपड्या घालून तीन दिवस राहायचं. त्या तीन दिवसांत गावात दिवा लागता कामा नये, पाऊल वाजता कामा नये. चौथ्या दिवशी सकाळी शिवेवरच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवून पुन्हा कौल लावायचा. उजवीकडची पाकळी पडली की घरी, डावीकडची पडली की आणखी एक दिवस बाहेर. पोरांना ही जत्राच वाटते. मलाही तेव्हा वाटायची. देवावर माझा राग नाही, त्याच्या वेळापत्रकावर आहे.

आता कावेरी. उंच, वाळकी, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली, उजव्या अंगठ्यावर कायम शाईचा डाग. आमचं पोस्ट म्हणजे तिच्या घराची ओटी. एक टेबल, एक वजनकाटा, एक शिक्का आणि लाखेचा वास. वडील पोस्टमास्तर होते, ते गेल्यावर काम तिच्याकडे आलं. लग्न झालं नव्हतं. का झालं नव्हतं याची गावाकडे चार कारणं होती, तिच्याकडे एकही नव्हतं.

तिचं आजोळ गोव्यात, पेडण्याला. तिथे भात कापून झालं की मळ्यात मुलगे फुटबॉल खेळायचे आणि तिच्या मामेबहिणी त्यांच्यात घुसायच्या. तेराव्या वर्षापर्यंत हीही घुसायची. नंतर आईने आजोळ बंद केलं. १९८० साली तीस-एकतीस वर्षांची ही बाई मामाच्या तेराव्याला पेडण्याला गेली आणि येताना पिशवीतून एक जुना चेंडू घेऊन आली. दुखवट्याहून परतताना चेंडू आणणारी बाई आमच्या गावाने त्याआधी पाहिली नव्हती.

आमच्याकडे मुलींनी फुगडी घालावी, लंगडी खेळावी आणि न्हाण आलं की तेही बंद करावं अशी रीत. पण कावेरीकडे एक हत्यार होतं, ते दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. आमचा गाव मनिऑर्डरीवर जगायचा. बाप, नवरे, भाऊ मुंबईला, बोटीवर, कुवेतला. घरच्या बायकांची पत्रं कावेरी लिहायची. गाय व्याली, कौलं शाकारून झाली, सासूचा खोकला तसाच आहे, असा सगळा मजकूर संपला की ती विचारायची, "आणखी एक ओळ घालू?" बाई म्हणायची, "घाल." मग कावेरी घालायची : 'मुलगी चेंडू खेळण्यास जाते. आपली संमती वेगळ्या कागदावर, पोस्टमास्तरांच्या नावे कळवावी.'

उत्तरं यायला लागली. एका बापाने दोन पानं शिव्या लिहिल्या आणि तिसऱ्या पानावर परवानगी दिली. एकाने कळवलं की खेळू दे, पण गुडघे झाकून. रुकय्याच्या वडिलांचं, दाऊदचाचांचं पत्र कुवेतहून यायला चार महिने लागले. रुकय्या आमची मधली आघाडीवाली, माझ्याच वयाची. ते चार महिने ती किनाऱ्यावर यायची, बाजूला बसून आमचे चेंडू परत फेकायची, पण पाय लावायची नाही. पत्र आलं त्या दिवशी तिने तीन गोल केले. बाकी कोणी एवढी वाट पाहिली नसती, मी तर नक्कीच नाही.

अशी बारा संमतीपत्रं जमली. ती एका पत्र्याच्या डब्यात, संघाच्या कागदांबरोबर, टेबलाखाली असत.

तेरावं माझं. भाई गावातच होते, त्यामुळे त्यांना पत्र लिहिण्याचा प्रश्न नव्हता, आणि तोंडावर विचारलं असतं तर उत्तर मला माहीत होतं. मुली वाळूत धावतात, धावोत, पण मानकऱ्याची मुलगी चार गावांपुढे नाचणार नाही, असं ते ओटीवर बसून एकदा बोलले होते. म्हणून त्यांचं संमतीपत्र मीच लिहिलं. भाईंची सही मला भाईंपेक्षा चांगली जमायची. कावेरीने कागद घेतला, चष्मा वर करून बघितला आणि डब्यात टाकला. मला वाटलं, फसली.

संघाची नोंदणी करायची तर सात जणांची कमिटी लागते. कावेरीने सातही बायकाच घेतल्या. अध्यक्ष राधाबाई, मासे विकायच्या, सही येत नव्हती, अंगठा. कमिटीची पहिली सभा खाडीच्या चिखलात झाली, कारण ओहोटी होती आणि सगळ्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला वाकलेल्या होत्या. कावेरी लुगडं वर खोचून मध्ये उभी राहिली आणि ठराव वाचत गेली. राधाबाई मान वर न करता म्हणत, "मंजूर." मग अर्ज रत्नागिरीला गेला, तेवढ्यात आमचा जिल्हाच वेगळा झाला. आमची फाईल जुन्या जिल्ह्यातून नव्या जिल्ह्यात यायची होती आणि ती वर्षभर वाटेतच होती. कावेरी दर सोमवारी एक स्मरणपत्र टाकायची. दीड वर्षाने नोंदणीचा कागद आला तेव्हा तिने त्यावर स्वतःच्या पोस्टाचा तारखेचा शिक्का असा काही मारला की टेबल हललं.

आम्ही खेळायचो ओहोटीच्या वेळी, ओल्या वाळूवर, अनवाणी. रोज वेळ बदलायची. बाबली डाकवाला टपाल वाटताना प्रत्येक खेळाडूच्या घरी कावेरीची चिठ्ठी द्यायचा. त्यावर एवढंच : 'ओहोटी साडेतीन.' शिकवायची पद्धतही तिचीच होती. पाच पावलांच्या आत चेंडू दुसरीला दिला नाही तर शिट्टी. "पत्र हातात ठेवूचा नसता, पोचवूचा असता," म्हणायची. माझा डावा पाय चांगला हे तिनेच मला सांगितलं. त्याआधी मला कोणी माझं काही चांगलं आहे असं सांगितलं नव्हतं.

१९८२ च्या मे महिन्यात सावंतवाडीला गोव्याच्या मुलींशी आमचा सामना झाला. मी कणकवलीच्या मावशीकडे जाते म्हणून निघाले. त्या मावशीला मी इतकी कधीच प्रिय नव्हते. आम्ही चार-एक हरलो. तो एक गोल रुकय्याचा. पाठीमागे दोघी लोंबत असताना तिने तो मारला, आणि तो बघायला मुंबईच्या एका औषध कंपनीचा माणूस होता. कंपनी मुलींचा पगारी संघ काढत होती. सकाळी कारखान्यात काम, दुपारी मैदान, महिन्याला पगार. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर त्यांचं पत्र आलं. कोल्हापूरला निवड होणार, संपूर्ण संघ घेऊन या, चांगल्या वाटतील त्या घेऊ, आणि 'रुकय्या दाऊद हिला अवश्य आणावे.' नोंदणीचा कागद आणि पालकांची मूळ संमतीपत्रं बरोबर हवीत. तारीख तीन आठवडे पुढची होती.

पत्र वाचून कावेरी ओटीवरच्या खांबाला टेकून बसली. तिच्या डोळ्यांत पाणी बघून आम्ही हसलो. आम्ही सतरा वर्षांच्या होतो, हसायला आम्हाला काही लागत नसे.

आणि मग गावपळणीचा कौल पडला.

मंगळवारी गाव बाहेर निघाला. कावेरीने पोस्टाची पेटी, तिकिटं, शिक्का, वजनकाटा, मनिऑर्डरीचे फॉर्म, सगळं नीट बांधून घेतलं. सरकारचं एक टाचणसुद्धा मागे ठेवलं नाही. संघाचा डबा मात्र टेबलाखाली तसाच राहू दिला. तीन दिवसांचा तर प्रश्न, आणि कोल्हापूर अजून पंधरा दिवस लांब. ज्या बाईने दुसऱ्याचं एक पोस्टकार्ड कधी हरवलं नाही, तिने आपल्या कामाचे कागद घरी ठेवले.

बुधवारी बाबली सायकलवरून मालवणहून टपाल घेऊन माळावर आला. त्यात तार होती. निवड या रविवारी. शुक्रवारी उजवी पाकळी पडली तर ठीक, नाही तर कागद गावातच अडकणार.

कावेरी तशीच भाईंच्या झोपडीकडे गेली. मी आईबरोबर भाकऱ्या करत होते, सगळं ऐकू येत होतं.

"भाई, एक डबो घरात रवलो," ती म्हणाली. "देवाक गाऱ्हाणा घालून बाबलीक पाच मिनटां आत धाडूया काय?"

"काय आसा डब्यात?"

"चेडवांचे कागद. कोल्हापूराक जावचा आसा."

भाई शांतपणे सुपारी कातरत राहिले. "देवान तीन दिवस गाव रिकामो मागलो," ते म्हणाले. "तेतूरली पाच मिनटां कमी करूक मी कोण? चेंडू खंय पळान जाता?"

ती परत आमच्यात आली. म्हणाली, "रवांदे. उजवी पडली तर जाव, नायतर पुढच्या वर्सा." रुकय्या राखेने टोप घासत होती. तिने मान खाली घालून तोच टोप पुन्हा पहिल्यापासून घासायला घेतला. मला ते बघवलं नाही. पण खरं सांगायचं तर मला रुकय्यापेक्षा माझीच जास्त काळजी होती. पुढच्या वर्षी माझं लग्न ठरणार होतं. भाईंनी दोन स्थळं बघूनही ठेवली होती.

गुरुवारी दुपारी मी कपडे धुवायला व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, गेले. व्हाळ हीच शीव. माणसं जेवून झोपड्यांत लवंडली होती. मी बादली घेऊन पाण्यात उतरले आणि पलीकडच्या काठाने वर चढले. एवढं सोपं होतं ते.

रिकामा गाव मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. अंगणं झाडलेली, दारं ओढलेली, तुळशीपुढे दिवा नाही. कोंबडीसुद्धा नाही. माझ्याच पावलांचा आवाज पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवर असा वाजत होता की मी दोनदा मागे वळून बघितलं. देवळाकडे मात्र बघितलं नाही. कावेरीच्या घराची किल्ली कौलाच्या पन्हळीखाली असते हे संघातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

टेबलाखालून डबा ओढला, उघडला. सगळी पत्रं होती. तिथून लगेच निघायचं सोडून मी ती वाचत बसले. रुकय्याच्या वडिलांचंही वाचलं. शेवटी माझं हाती आलं आणि मी घाबरले. हा डबा आता माळावर जाणार, कोणाच्याही हातात पडणार, भाईंच्यासुद्धा. बाकीच्या बारांना कोणाची भीती नव्हती, ती खरी होती. मी माझा कागद काढून घेतला, घडी करून परकराच्या नेफ्यात खोवला आणि डबा बादलीत ओल्या कपड्यांखाली ठेवला.

कावेरीच्या झोपडीत जाऊन मी डबा तिच्यापुढे ठेवला. "खंयसून हाडलंस?" तिने विचारलं. मग तिने माझ्या पायांकडे बघितलं. माळावर पांढरी रेती, गावात तांबडी माती, आणि व्हाळातून येऊनही माझ्या टाचांच्या भेगा तांबड्या. तिने कळशी उचलली आणि स्वतः माझ्या पायांवर पाणी ओतलं.

"घासून धू," एवढंच म्हणाली.

शुक्रवारी सकाळी गणपत गुरवाने पाषाणाला पाकळ्या लावल्या. डावी पडली. गाव राहिला. त्या दिवशी आमच्या शेजारच्या झोपडीतल्या नर्मदाच्या दोन महिन्यांच्या मुलीला ताप भरला. माळावर वारा, झावळ्यांतून पहाटेचं दव गळायचं. शनिवारी सकाळी पुन्हा कौल लावला, पुन्हा डावी. गणपत म्हणाला, "कोणीतरी शीव ओलांडल्यान." सगळ्यांच्या माना हळूहळू कावेरीकडे वळल्या. डबा मागायला तीच तर गेली होती.

भाईंनी गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकरांकडसून कळत नकळत चूक झाली आसात..."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला.

"ज्याच्याकडसून झाली त्याका बुद्धी दी, ता पुढे येवंदे..."

"व्हय म्हाराजा."

मीही म्हणाले. माझा आवाज मला ऐकू आला. नर्मदाची पोर खोकत होती. मी आता बोलणार, असं मी मनात म्हटलं, मग म्हटलं, आता, आणि भाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यांनी मला जन्मात एकदाही मारलं नव्हतं. तरी माझी जीभ उचलली नाही. मी भित्री आहे, दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

कावेरी उठून उभी राहिली. डबा तिने पदराखालून पुढे काढला.

"चूक माज्याकडसून झाली," ती म्हणाली. "मी आत गेललंय."

"व्हय म्हाराजा," सवयीने चार-पाच जण म्हणाले आणि मग त्यांना कळलं की हे गाऱ्हाणं नव्हे.

गणपतने पाकळ्या नव्याने ओल्या करून लावल्या. हात काढतो न काढतो तोच उजवी पडली. बायकांनी हात जोडले. कोणी रडलं. त्या पाकळीचा मी पाच वर्षं विचार करते आहे. पाणी कमी लागलं असेल, वारा आला असेल. पण गावाने बघितलं ते एवढंच की कावेरीने कबूल केलं आणि देवाने मानलं. देवाने साफ खोटी कबुली मान्य केली, आणि ती खोटी आहे हे ठाऊक असलेल्या आम्ही दोघीच तिथे होतो.

"गावातसून भायर काढलला आता गावात परत जावचा नाय," भाई म्हणाले. "भायर पण रवाचा नाय. खाडयेत सोड."

कावेरी गुडघाभर पाण्यात गेली. डबा बुडेना. पत्र्याचा, हलका, तरंगायला लागला. तिने झाकण उघडलं आणि तो हाताने दाबून धरला. पाणी आत शिरायला लागलं. काठावर रुकय्या उभी होती. ती कोणाला उद्देशून नाही, पण स्पष्ट म्हणाली, "माज्या बापाशीची चिठी आसा तेच्यात." कावेरीचा हात थांबला. तिने वळून बघितलं नाही. मग पुन्हा दाबला, आणि डबा खाली गेला.

गाव घरी परतला. नर्मदाची पोर वाचली. आयांनी आपापल्या मुलींना हाताला धरून नेलं आणि त्या संध्याकाळी ओहोटीला किनाऱ्यावर कोणी आलं नाही. तीन वर्षांचा संघ असा एका सकाळी संपला. कोणी ठराव केला नाही, कोणी अंगठा उठवला नाही.

मी त्याच दुपारी कणकवलीच्या मावशीकडे गेले. रविवारी पहाटेच्या गाडीने फोंडाघाट चढून कोल्हापूर गाठलं. मैदानावर कंपनीचा तोच माणूस होता. त्याने विचारलं, "बाकीचा संघ?"

"संघ मोडला."

"आणि रुकय्या? ती का नाही आली?"

मी म्हणाले, "तिच्या घरचे पाठवत नाहीत."

त्याने मान हलवली, जणू त्याला हे अपेक्षितच होतं. संघच नाही म्हटल्यावर नोंदणीचा कागद त्याने मागितला नाही, फक्त माझं संमतीपत्र मागितलं. मी नेफ्यातून काढून दिलं. तेरातलं एकच खोटं होतं, आणि तेवढंच चाललं. माझा डावा पाय त्या दिवशी चांगला चालला. त्यांनी मला घेतलं.

कंपनीचं नोकरीचं पत्र घरी आलं तेव्हा भाईंना त्यात नोकरीच दिसली, फुटबॉल दिसला नाही. मुंबईला गोळ्यांची पाकिटं भरायची, दुपारी खेळायचं. चार मोसम खेळले. मग गुडघा गेला, आणि त्याच वर्षी कंपनीने संघही बंद केला. गावात मला मान होता. मुंबईत नोकरी केलेली मुलगी.

कावेरीकडे लोक पत्रं लिहून घ्यायला येईनासे झाले. जिने देवाचं मोडलं तिच्या हातचं अक्षर नको, असं कोणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांना ते पटलं. बायका दोन मैल चालून शेजारच्या गावात पत्रं लिहून घ्यायच्या. तिकिटं घ्यायची तर पैसे टेबलावर ठेवायच्या, हातात देत नसत. एक वर्ष तिने हे सोसलं, मग राजीनामा दिला. पोस्ट बाबलीच्या ओटीवर गेलं. ती पेजेपुरतं शिवणकाम करायची. मला तिची दोन पत्रं मुंबईला आली होती. दोन्हींत एकच प्रश्न होता, डाव्या पायाने मारतेस ना. मी एकाचंही उत्तर दिलं नाही.

१९८७ च्या मार्गशीर्षात पुन्हा गावपळण आली. मी गुडघा घेऊन गावी परतले होते. कावेरी आजारी होती, छातीचं दुखणं, नुसती हाडं राहिली होती. आजाऱ्यालाही बाहेर न्यावंच लागतं. रुकय्या आणि मी तिला खुर्चीत बसवून शिवेपार नेलं. रुकय्याचं तोवर लग्न झालं होतं, दोन मुलं होती. दाऊदचाचा दोन वर्षांपूर्वी कुवेतलाच वारले, मातीही तिकडेच झाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी कावेरीच्या झोपडीत मी एकटीच होते. मी म्हटलं, "कावेरीताई, उद्या कौलाच्या आधी मी भाईंका सगळा सांगतलंय."

ती डोळे मिटून पडली होती. "काय सांगतलंस?"

"मी गेललंय ता. आणि माजो कागद खोटो होतो ता."

"खोटो होतो ता माका पयल्या दिवसापासून ठाऊक आसा," ती म्हणाली. "भाईंची सही मी म्हयन्याक दोनदा रजिस्टरात बघी. आणि डब्यात बारा होते ताय ठाऊक होता. पण डावो पाय माका होयो होतो गो. तुझा खोटा मीच आत घेतलंय, म्हणान मीच उठलंय." बोलून तिला धाप लागली. मी पाणी दिलं. दोन घोट घेऊन ती म्हणाली, "आता सांगलंस तर लोक काय म्हणतले? कावेरीन खोटा बोलान देवाक फशिवल्यान. माका परत उभी करतले. माका आता उभ्या रवाक जमना नाय."

मी बोलले नाही. या वेळी निदान तिने सांगितलं म्हणून. दुसऱ्या दिवशी पाकळी पहिल्याच फटक्यात उजवी पडली आणि गाव हसत घरी गेला.

गेल्या वैशाखात कावेरी गेली. पोचवायला बाबली, रुकय्याचा नवरा आणि तिच्या नात्यातले दोघे. मानकरी आले नाहीत. आता तिला कोणी उभी करू शकत नाही, म्हणून हे लिहिते आहे. लिहून झालं की भाईंच्या हातात देणार आहे. पण त्यांच्याआधी एकीला सांगायचं होतं.

काल रुकय्याकडे गेले. मागच्या पडवीत ती सुकट निवडत होती. मी सगळं सांगितलं. व्हाळ, डबा, नेफा. कोल्हापूरला त्या माणसाने तिचं नाव घेऊन विचारलं होतं ते, आणि मी काय उत्तर दिलं तेही. ती निवडत राहिली. माझं संपल्यावर तिने सूप बाजूला ठेवलं.

"ती बापाशीची चिठी," ती म्हणाली, "ती कावेरीताईच्या नावान इल्ली. मी कधी बघूकच नाय. तू वाचलंस?"

"वाचलंय."

"काय होता तेच्यात?"

मला ते पाठ होतं. मी म्हटलं, "'माझी मुलगी रुकय्या हिला खेळण्यास माझी पूर्ण परवानगी आहे. तिला पुढे खेळवावे, ती मागे राहणारी नाही. पडली तर कोणी हसू नये. मला बघण्यास मिळत नाही, तरी बाईंनी माझ्या वतीने बघावे.'"

"परत सांग."

मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. पुरतं पाठ झाल्यावर ती म्हणाली, "आता जा."

गुडघ्यामुळे मला जमिनीवरून उठायला वेळ लागतो. पूर्वी कोणीही बसलेलं असलं की हात पुढे करणारी रुकय्या, पण तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं होतं. मी भिंत धरून उठले.